उंदीर नंबर चौदा

फेब्रुवारीत बर्डीवरच्या ज्यूसवाल्याकडून
संत्र्याच्या बिया आणल्या, थैलीभर.
"कायले पायजे बे तुले कचरा?" तो म्हणाला.

नंदेश्वर मॅडमनी त्या वाळवल्या, दळल्या,
त्यातलं कडू तेवढं काढून घेतलं.
बी चावली गेली की आपण थुंकतो ना, तेच.

चौदा नंबरला तीन महिने डालडा चारला मी.
तो बसायचा, त्याच्याआधी त्याचं पोट बसायचं.
मग रोज सकाळी नळीनं कडू पाजायचं,
तराजूवर ठेवायचं.
तो माझं बोट हुंगायचा, मी आकडा लिहायचो.

सहा ग्रॅम उतरला!
मॅडम हसल्या नाहीत.
"बारा नंबरही उतरला, गजभिये.
त्याला तर नुसतं पाणी होतं."

आठवडाभर कूलर बंद होता.
सेहेचाळीसच्या उन्हात
कोण डालडा खाऊन राहिला?

सगळं पुन्हा. नवे उंदीर, नवी वही.

टपरीवर पोहे घेतले, वरून दोनदा तर्री मागितली.
शर्टाचं खालचं बटण
दिवाळीपासून उघडंच आहे.

खिशात एक बी निघाली, सुकलेली.
घरी जाऊन चावली.

रत्नमाला म्हणाली,
"तोंड कायले वाकडं करून राहिले?
भाजीत मीठ जास्त झालं का?"