दुसरी फळी

बयाजी सपकाळ गेला तो मंगळवार होता,
म्हणजे लासलगावच्या गाड्या जास्त.
वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात
पहाटे चारला एकवीस ट्रक उभे,
ड्रायव्हर स्टिअरिंगवर मान टाकून झोपलेले,
आणि टोळी नंबर सातची माणसं
खांद्याला आकडा अडकवून
कुणीतरी बोलायची वाट बघत.

एरवी तो धक्क्यावरच्या निळ्या क्रेटवर बसायचा.
‘फळी लावा’, एवढंच म्हणायचा.
तीस वर्षं या दोन शब्दांवर
आमचा दिवस सुरू झाला.

माझी मुलगी नेरूळला इतिहासात एम.ए. करते.
म्हणाली, बाबा, याला सत्तेची पोकळी म्हणतात.
राजा मरतो, वारस पाळण्यात असतो,
सरदार आपापल्या तटाआड जाऊन बसतात
आणि मग कुणीतरी नदी ओलांडून येतं.
राजा मेल्यावर? मी विचारलं.
हो, बहुतेक वेळा.
मी तोलणार माणूस. मला हिशेब जुळेना.

पोकळी त्या मंगळवारी नाही पडली.
ती पडली त्या साली, जेव्हा धोंडू उंबरे
(मेढ्याकडचा, शंभर किलोची गोण एका हिसक्यात)
वाराईचा हिशेब तोंडी सांगू लागला
आणि पोरं वळून त्याच्याकडे बघू लागली.
बयाजीने त्याला फळ मार्केटात धाडलं.
‘तिकडं माणूस कमी पडतोय.’
मग विठू कासुर्डे. त्याची तर टोळीच फोडली.
मग सख्खा पुतण्या,
ज्याच्या लग्नात स्वतःच्या हाताने फेटा बांधला होता,
त्याच्यावर आळ : अर्धी गोण लसूण.
लसूण मीच तोलला होता. पुरा भरला होता.
मी पावतीवर काही लिहिलं नाही.

वाईट नव्हता हो.
कुणाचं बारसं, कुणाचा पाय मोडला,
पतपेढीच्या आधी त्याचं पाकीट पोचायचं.
फक्त शेजारी उंच झालेलं सोसवायचं नाही.
वडाखाली गवत उगवत नाही म्हणतात;
पण वड काही उठून गवत उपटायला जात नाही.

तर त्या पहाटे.
क्रेट रिकामं. तासभर कुणी तिकडे बघितलंच नाही.
मग चहावाल्या नियाझने त्यावर किटली टेकवली
आणि चटका बसल्यासारखी उचलली.
साताऱ्याची पोरं गाळ्याच्या या अंगाला,
जुन्नरची त्या.
ताडपत्रीखाली कांदा तापायला लागला,
व्यापारी फोनवर ओरडायला लागले.
पाच-सहा जणांनी माझ्याकडे पाहिलं.
मला सगळ्यांची नावं पाठ, गावं पाठ,
कोण कुणाशी बोलत नाही तेही.
मी काट्याकडे पाहिलं.
काटा शून्यावर होता.
शून्यावरच आहे ना, हे मी बराच वेळ तपासत राहिलो.

तेवढ्यात पार्किंगचा ठेका घेतलेला एक जण,
तुर्भे स्टोअरचा, बगलेत हेल्मेट,
उभ्या जन्मात गोण न उचललेला,
क्रेटवर एक पाय ठेवून म्हणाला,
फळी लावा.

लावली.
दोन पोरांनी मुकाट धरली, तिसऱ्याने ठोकली,
आणि पहिली गोण खाली आली तेव्हा
खरं सांगतो, हायसं वाटलं.

मुलगी विचारते, मग पुढे?
पुढचं तुझ्या पुस्तकात असेल, बघ.
आता दर गोणीमागे दोन रुपये जास्त जातात.
पावती मीच फाडतो.