आत

आमच्या नाटकात रंगमंचावर कुणी मरत नाही.
एक दार आहे, पाच पायऱ्या,
आणि दाराआड जे व्हायचं ते.
दोघे भाऊ, गादी एक.
सर म्हणाले, जुन्या लोकांना ठाऊक होतं,
रक्त दाखवू नये, ऐकवावं.
राजेश्वरी, आमची राणी, म्हणाली,
आणि धुलाईचा खर्चही वाचतो.

तालमी साखर पेठेत, बंद कारखान्यात.
माग भंगारात गेले, लादीत बोल्ट तेवढे उरलेत.
राणीचा शेव अडकतो म्हणून
प्रत्येक बोल्टभोवती खडूनं गोल.
मी विंगेत, पुस्तक घेऊन.
मे महिना. पानापानावर माझ्या अंगठ्याचा ओला ठसा.

दूताचं काम इरेशमकडे. इरेशम बोद्धूल,
टॉवेलच्या कारखान्यात जॉबर,
तेलुगूत विचार करून मराठीत थांबणारा.
भाषण साडेतीन पानी :
भाला कुठे लागला, कितीदा,
धाकट्यानं शेवटी थोरल्याला काय हाक मारली.

धावत ये, सर म्हणाले, छाती बडव,
दोन मुडदे पडलेत बे, ओरड!
तो धावत आला. ओरडला.
गल्लीतली पोरं खिडकीला लटकून हसली.

दुसऱ्या दिवशी तो चालत आला.
पायऱ्यांखाली चपला काढल्या,
हे कुणी सांगितलं नव्हतं.
घडी घातलेला कागद वाचावा तसं बोलत गेला,
आणि तिसऱ्या पानावर अडला.
मी वाक्य दिलं. त्यानं ते घेतलं नाही.
म्हणाला,
"मनगटावर घड्याळ होतं. चालू होतं."

राजे लोकांना घड्याळ कुठलं रे, सर म्हणाले.
तो म्हणाला, सॉरी.

चहाच्या वेळी, कुणी न विचारता :
कर्फ्यूचं वर्ष. मी एकोणीस.
घरात सही करता येणारा मी एकटा,
म्हणून सिव्हिलला मला पाठवलं.
भांडण कशावरून,
तर कुणाच्या सायकलला कुणाचा धक्का.
कुणी मारलं, हे पुस्तकात छापलेलं असतं.
आमच्या पेठेत नव्हतं.

परत आलो तर अम्मा उंबऱ्यात, मांडीवर सूप,
विड्या वळत. हात थांबला नाही तिचा.
नुसतं वर बघितलं.
मी विचारलं, अम्मा, तिन्नावा?
जेवलीस का.
बस. एवढंच बोललो मी.

कपात माशी पडली होती. त्यानं ती बोटानं काढली
आणि उरलेला चहा पिऊन टाकला.

प्रयोगाला थिएटर अर्धं भरलं,
बरेचसे त्याच्या कारखान्यातले, ड्यूटीवरून थेट,
केसांत कापसाची भुरी, हातात शेंगांच्या पुड्या.
राणी पायरीवर बसली. म्हणाली, सांग.
तो चालत आला. पहिलं पान. दुसरं.
तिसऱ्यावर थांबला.

वाक्य माझ्या जिभेवर होतं.
एवढ्यासाठीच तर मला तिथं बसवलेलं.
पुड्यांची चुरचुर थांबली.
मागं कुणीतरी खोकायचं ठेवून दिलं.
राजेश्वरी त्याच्याकडे बघत राहिली,
आणि सूप नसलेल्या मांडीवर
तिची बोटं हलू लागली.

मी पुस्तक मिटलं.

सकाळी शाईच्या ओळीवर पेन्सिलीनं काट मारली,
समासात लिहिलं : इथे घड्याळ.
पुढच्या प्रयोगाला प्रॉम्प्टर दुसरा असला,
तर त्याला कळायला हवं.