सात नंबरचं टेबल

अप्पा बळवंत चौकात दोन्हींना
स्पायरल करून घेतलं होतं.
जाडं पुस्तक नियमांचं. कुठला पत्ता काय करतो, कधी करतो,
दोन पत्ते एकाच क्षणी बोलायला लागले
तर आधी कुणाचं ऐकायचं.
ते मी पाढ्यांसारखं पाठ केलं, कुकरच्या शिट्ट्या मोजत.
बारीक धोरणाचं. माणूस चुकला तर पुढं काय.
जेमतेम चाळीस पानं.
तीन वर्षं झाली, अजून वाचतेय.

आज रविवार. कर्वेनगरच्या या हॉलात एरवी बारशी होतात,
छताला पाळण्याचा हूक तसाच आहे.
त्याच्याखाली चौसष्ट जण, भाड्याच्या खुर्च्या,
पत्ते पिसल्याचा सुपात तांदूळ पाखडावेत तसा आवाज,
आणि मी, काळा शर्ट, पाठीवर पांढऱ्या अक्षरांत ‘जज’.

पाचवी फेरी. सात नंबरवर हात वर.

शार्दूल कानिटकर, नववीत, कान लाल.
एक पत्ता ओढायचा, तर दोन ओढले,
आणि दोन्ही हातातल्या पत्त्यांत गेले मिसळून.
समोर आदिल मुजावर, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष,
आवाज न चढवता म्हणाला,
“काय करायचं तेवढं सांगा.”

“ताई, जास्तीचा कुठला ते मला माहितीये.
हा. शप्पथ, हाच शेवटी आला.”
त्यानं वर धरलेला पत्ता फालतू होता,
गेला काय, राहिला काय.
खोटं बोलणाराही नेमका तोच दाखवेल.

माझा त्याच्यावर विश्वास होता.
दुसऱ्या फेरीत यानंच हात वर करून
स्वतःची चूक स्वतः सांगितली होती,
कुणाच्या लक्षातही आली नव्हती ती.
पण दुसरी फेरी दुसऱ्या फेरीत संपली,
आणि टेबलावर सात पत्ते पालथे,
सातांची पाठ एकसारखी.

मी म्हटलं, हात उघड. आदिल एक निवडेल,
तो परत गड्डीत जाईल. तुला ताकीद.
तू फसवलंस असं मी म्हणत नाहीये, हेही म्हटलं.
ते त्याला ऐकू गेलं की नाही, कळलं नाही.
“पटत नसेल तर अपील करता येतं,” हे मात्र
प्रत्येकाला म्हणते तसंच म्हटलं.

त्यानं केलं.
बिपिन ओसवाल आले, आमचे मुख्य जज,
एरवी भवानी पेठेत पत्र्याच्या डब्यांचा धंदा.
दोघांचं ऐकलं, माझं ऐकलं, घड्याळ पाहिलं.
“निर्णय कायम.”
आदिलनं हात बघितला आणि राखपंखी उचलला,
ज्याच्या जिवावर पोराचा सगळा डाव उभा होता.
मी स्लिपवर लिहिलं: चार मिनिटं वाढीव.
माझं अक्षर बिघडलं होतं.

जिन्यात तो भेटला, हरलेला, पाठीला सॅक.
“तुम्हाला माहिती होतं ना, मी खरं बोलत होतो?”
हो म्हटलं.
“मग?”
त्याच्या वडिलांनी खालून हॉर्न दिला
आणि मी जे बोलणार होते
ते मलाच आधी ऐकायचं होतं.

खाली गाडी नव्हती.
सतरा तारीख, विषम. माझी अॅक्टिव्हा सम बाजूला.
उचललेल्या गाड्या ठेवतात तिथं गेले,
हवालदारांना सांगायला लागले,
कालची सोळा होती, माझ्या डोक्यात कालचाच दिवस,
खरंच सांगते, मुद्दाम नाही केलं.
त्यांनी मान डोलावली,
खरं वाटलं असावं त्यांना,
आणि पावती फाडत राहिले.
मी मधेच गप्प झाले.

पैसे काढायला वळले तेव्हा शर्टाची पाठ दिसली त्यांना.
“जज? कुठल्या कोर्टात, मॅडम? शिवाजीनगर?”
“नाही,” म्हटलं, “कर्वेनगर.
बारशाच्या हॉलात.”
ते हसले.
दंड तेवढाच घेतला.