फांदी कुठं मोडाची

घराचं चिन्ह दाखवून म्हटलं,
हे दाबलं की परत सुरुवातीला.
त्या घराला धुराडं होतं.
पैकू टेकाम म्हणाला,
गुर्जी, हे वीटभट्टीवाल्याचं हाय का?

पोडावरच्या शाळेत सात टॅब आले,
दोन चार्जच होत नाहीत.
आत म्हणे चौदाशे धडे,
एकात एक, एकात एक,
आणि वरच्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा,
ज्यांना पोरांनी पहिल्याच दिवशी तास म्हटलं.
डवरणीचे तास.
मी घड्याळाचा माणूस, मला उशिरा कळलं.

भिंगाला ती पळी म्हणतात.
असू दे. पळीनं ढवळा, म्हटलं,
तळाशी असेल ते वर येईल.

मग एका रविवारी
खडूनं शाळेच्या फरशीवर
आर्णीचा बाजार काढला:
गणित मिरचीच्या ओळीत,
विज्ञान लोहाराशेजारी,
भाषा बांगड्यांच्या पालात,
चाचणी म्हणजे तराजू.
खूश होतो स्वतःवर. फोटोही काढला.

सोमवारी सुभद्रा आत्राम
गुरं सोडून अकराला आली
आणि उंबऱ्यातच थांबली,
पाय पडला तर बाजार पुसेल म्हणून.
म्या बजारात दोनदाच गेलती, म्हणाली,
दोन्ही डाव बाचा सदरा धरून.

खडू मागितला.
नाला काढला. नाल्यापलीकडं बेहडा.
बेहड्यापासून वाटा फुटतात,
एक पाण्याकडं,
एक लंगडी कालवड पोळ्याआधी हरवली तिकडं.
तिकडं जाचंच नाही असं नाही,
पण जाताना फांदी मोडत जाची,
डाव्या अंगाची, अर्धी.
पाला किती सुकला त्यावरून समजते
आपण इथून कवा गेलतो.

मग टॅब हातात घेऊन:
गुर्जी, याच्यात फांदी कुठं मोडाची?

मी चांदणी दाखवली.
हवा तो धडा, त्याच्यावर ही खूण.
तिनं बराच वेळ पाहिली.
दिवसा कशी दिसल?

फरशी अजून पुसलेली नाही.
पैकू तराजूवरून उडी मारतो तो थेट नाल्यात.
बांगड्यांच्या पालात कुणीतरी
एक गाय काढून ठेवली आहे.

आज टॅब मोजून कपाटात ठेवताना पाहिलं,
तिसऱ्यावर अपूर्णांकाचा धडा
बाराव्या मिनिटाला थांबलेला,
आणि काचेच्या कडेला, डाव्या अंगाला,
पाला चोळून उमटवलेलं
एक हिरवं बोट.

फडकं हातात होतं.
परवापर्यंत ते तपकिरी होईल.