दाराखालचा उजेड

फजरच्या अजानीला मी उठतो
तेव्हा रय्यान झोपायला निघालेला असतो.
आमच्या दोघांच्या दिवसांची गाठ पडते
ती बेसिनपाशी, मिनिटभर.
मी वजू करतो, तो मागे थांबतो,
मान भाताच्या लोंबीसारखी वाकलेली,
अंगठा रिकाम्या हवेतच
काहीतरी वर सरकवत असलेला.

डॉक्टर सुसम्मा म्हणाल्या,
हाडं दुखतात ती ड जीवनसत्त्वाअभावी.
ऊन लागत नाही का मुलाला?

ऊन!
रुवीत, जुलैत,
जिथे गाडीचं स्टिअरिंग फडक्यानं धरावं लागतं,
जिथल्या डोंगरांनी अंगावर
गवताचं एक पातं ठेवलेलं नाही,
तिथे माझ्या पोराला ऊन कमी पडलं.
आठवड्याला एक गोळी लिहून दिली.
खोक्यावर सूर्य छापलाय, हसरा.
चष्म्याचा नंबर वाढला तो वेगळाच.

मी एसी दुरुस्त करतो.
पंधरा वर्षं लोकांच्या गच्च्यांवर होरपळत
त्यांच्या खोल्या गार केल्या.
आता तशाच एका गार खोलीत,
खिडकीला चंदेरी कागद चिकटवून,
माझा मुलगा बसलाय.
मनिलातल्या कुणा पोराला भाऊ म्हणतो.
शेजारच्या मुलाचं नाव त्याला ठाऊक नाही.
दहावीची पहिली चाचणी झोपेत गेली.
ताट दारातून आत जातं, तसंच बाहेर येतं,
सुरमईच्या तुकडीवर साय धरावी तसा
रस्सा थिजलेला.

एकदा मी राउटर उपटला.
त्यानं भिंतीवर डोकं आपटलं.
एकदाच. आवाज अगदी लहान आला.
नसीमानं काही न बोलता
वायर परत जोडली.

ती म्हणते, ओरडू नका त्याच्यावर.
मी ओरडत नाही.
मला आठवत राहतं.

तो आठ महिन्यांचा होता, मी निघालो तेव्हा.
खाडीकाठच्या घरात नसीमा त्याच्यापुढे फोन धरायची.
"अब्बा बघ. अब्बांना पापी दे."
तो काचेची पापी घ्यायचा, काच ओली व्हायची,
आणि इकडे कॅम्पातल्या वरच्या पलंगावर
मी गाल पुढे करायचो,
खालचे दोघे झोपलेत ना बघून.
रेंज गेली की मी तोंड उघडं ठेवून थिजायचो.
तेव्हा तो म्हणे फोन उलटा करून
मागच्या बाजूला शोधायचा,
अब्बा कुठे पडले.

दोन वर्षांनी रजेवर गेलो.
दारात उभा राहिलो, बॅग घेऊन, अख्खाच्या अख्खा.
तो घाबरला
आणि फोन आणायला आत पळाला.
आम्ही किती हसलो होतो.
नसीमाच्या माहेरी अजून सांगतात ती गंमत.

बारा वर्षं मी त्याला भेटलो
ते हाताएवढ्या उजेडात.
मग फॅमिली व्हिसा झाला, पोरगा जवळ आला,
आणि मी म्हणू लागलो,
ठेव तो फोन, माझ्याकडे बघ.

कुठे बघायचं,
हे त्याला कुणी शिकवलं होतं?

काल रात्री तीनला हॉलमधून त्याला फोन लावला.
अकरा पावलांवरचं दार.
आतला गोळीबार थांबला.
"अब्बा? कुठे आहात?"
"इथेच. हॉलमध्ये."
तो गप्प.
"झोप येत नाही," मी म्हणालो.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
"मलापण."

दोनदा ऐकू आलं ते,
आधी दारातून,
मग जरा उशिरा, कानात.

नंतर कुणीच काही बोललं नाही.
कॉम्प्रेसर बंद पडला, चालू झाला,
त्याचा गॅस कमी झालाय हे मला कळलं.
दाराखालच्या उजेडात
दोन पावलांची सावली येऊन थांबली.

दार उघडलं नाही.
मीही फोन ठेवला नाही.