डाव्या बुटाचं टोक

लिओन शहराच्या आमच्या गल्लीत
भाकरीआधी चामड्याचा वास येतो.
एकेचाळीस वर्षं मी पावलं पाहतोय.
चेहरे विसरतो, पावलं नाही.

नाबोर ओलागेचा उजवा पाय अर्ध्या बोटाने लांब.
गोलकीपर क्रेसेन्सिओच्या टाचेवर बोराएवढं हाड.
आणि एलेउतेरिओ, ज्याला अख्खा देश रातकिडा म्हणायचा,
त्याचे तळवे तान्ह्या बाळासारखे,
एवढे गोल करूनही.
तिघांचे माप-कागद अजून माझ्या खणात आहेत,
पिवळे पडलेले, कडा उंदराने खाल्लेल्या.

जोडा कुठे चावतो ते घालणाऱ्यालाच कळतं म्हणतात.
खोटं. शिवणाऱ्यालाही कळतं,
फक्त त्याला कुणी विचारत नाही.

मग एक दिवस डॉक्टर हेर्मेलिंदा दुकानात आल्या,
हातात प्लास्टरचा एक साचा, माझ्या तळहातात मावेल एवढा,
पाऊल आत वळलेलं,
जणू काही लपवत होतं.
म्हणाल्या, मास्तर, अशी दोनशे मुलं आहेत आमच्या संस्थेच्या यादीत.
वळण लावायचं, पण रडवायचं नाही.
मी म्हटलं, किंमत?
त्या गप्प. मीही गप्प.
बाहेर मक्याची गाडी वाफ सोडत गेली.

पैशासाठी म्हातारे मैदानात उतरले.
नगरपालिकेचं मैदान, गोलपोस्टच्या जाळीला दोन भोकं,
तिकीट साठ पेसो, अपंगांना फुकट,
आणि अपंग कोण हे दारावर कुणी विचारत नव्हतं.
नाबोरचं पोट त्याच्या आधी चेंडूपर्यंत पोचायचं.
रातकिडा धावला एकदाच,
मग गुडघा धरून हसत उभा राहिला,
आणि लोक टाळ्या वाजवत राहिले,
त्या धावेला नव्हे,
तीस वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या एका धावेला.

मध्यंतरात आनायेलीला मैदानावर आणलं.
सहा वर्षांची, ओठ घट्ट मिटलेले,
पायात मी शिवलेले तपकिरी बूट, पितळी बक्कल, जाड तळ.
पेनल्टी तिने मारायची होती.
क्रेसेन्सिओने आडवं पडायचं होतं, चेंडू आत जाऊ द्यायचा होता.
ठरलेलं होतं सगळं.
फोटोवाला गुडघ्यावर बसून तयार.

तिने मारला. जोरात नाही, पण खरा.
आणि क्रेसेन्सिओ,
ज्याने उपांत्य सामन्यात रातकिड्याचा चेंडू अडवला होता
आणि त्यानंतर दहा वर्षं आम्ही ज्याला बाजारात शिव्या घातल्या,
त्याचा हात गेला.
नुसता गेला. सवयीने.
चेंडू अडला.

मैदान एका दमात ओरडलं: अरे माणसा!
बाई उठल्या, फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला,
रातकिड्याने दोन्ही हात डोक्यावर ठेवले,
अगदी त्या दिवशीसारखे.
क्रेसेन्सिओ हातातल्या चेंडूकडे बघत राहिला,
जसं काही तो दुसऱ्या कुणाचा आहे.

आनायेली रडली नाही.
तिने बोट दाखवलं, चुन्याच्या ठिपक्यावर:
"पुन्हा ठेव."
त्याने ठेवला.
पुन्हा अडवला. या वेळी मुद्दाम, मला दिसलं.
"पुन्हा."
पाचवा त्याच्या बगलेखालून गेला.
त्याने जाऊ दिला का, हे मी त्याला विचारलेलं नाही.
तोही सांगत नाही.

पैसे किती जमले ते डॉक्टरांना ठाऊक.
मला अर्धे मिळाले, उरलेले ईस्टरनंतर.
उशीर मला जमतो.

काल ती आईबरोबर दुकानात आली.
या मुलांचे बूट परत येतात तेव्हा नव्यासारखे असतात,
लहान झालेले, पण कोरे,
कारण ती मुलं बसून असतात.
तिच्या डाव्या बुटाचं टोक फाटलं होतं,
शिवण उसवली होती, आत वाळू.

आई सारखी माफी मागत होती.
मी दिवा जवळ ओढला,
ते फाटलेलं टोक अंगठ्याने चाचपत राहिलो,
आणि कितीतरी वेळ
सुईत दोरा ओवलाच नाही.