उघडायचं बटण

बंद करायचं बटण ठणठणीत होतं.
उघडायचं मेलं होतं.

त्यामुळे वीस दिवस दाभोळच्या धक्क्यावर
मी दारात किल्ली घालायचे, चोरासारखी,
आणि गाडी बोंबलायची.
आधीच्या मालकानं, चिपळूणच्या कुणा दातांच्या डॉक्टरनं,
हौसेनं बसवून घेतलेला भोंगा:
दार लोटलं की आपसूक पहाऱ्याला बसणारा
आणि माझ्याच हाताला न ओळखणारा.
फेरीबोटीच्या रांगेतले टेम्पोवाले माना वळवायचे,
कोळंबीच्या टोपल्यांवरचे कावळे उठायचे,
आणि मागच्या सीटवर, थर्माकोलच्या डब्यात,
धोपाव्याकडच्या वाड्यांमधल्या रक्ताच्या नळ्या
बर्फात गप्प.

रत्नागिरीच्या शोरूममधल्या मुलानं
किल्ली हातातसुद्धा घेतली नाही.
"मॅडम, हे रिपेअर होत नाही. नवीनच येते.
अकरा हजार. पंधरा दिवस."
बाहेर येऊन पायरीवर हिशेब केला.
एका नळीमागे मला सुटतात बारा रुपये.
म्हणजे नऊशे सतरा दंड टोचायचे
एका बटणासाठी.

हमीदचाचा खांचे पूर्वी ट्रॉलरवरचे वायरलेस दुरुस्त करायचे.
आता बाजारात, जाळ्यांच्या दोऱ्याच्या दुकानाला टेकून,
दीड माणूस मावेल एवढ्या जागेत बसतात.
पाटी नाही. पोट उघडे टाकलेले दोन मिक्सर,
तीच पाटी.

त्यांनी किल्ली कानाशी नेऊन हलवली,
नारळात पाणी आहे का बघतात तशी.
अंगठ्याचं नख शिवणीत सारलं
आणि कालव उघडावं तशी उघडली.

आत वाळूचा एक कण.
खाऱ्या हवेनं चढवलेला हिरवा गंज.
आणि सेलखाली घडी घालून कोंबलेला कागद.
चिमट्यानं उलगडला. फेरीबोटीचं तिकीट,
"व चालक" एवढीच अक्षरं शाबूत.

म्हणजे तो डॉक्टरही इथंच कधी अडकला असणार,
याच रांगेत, मागे हॉर्न वाजत असताना.
बरोबरच आहे, दातांचा माणूस,
फट दिसली की भरल्याशिवाय राहवेना.

"टाका तो कचरा," मी म्हटलं.
चाचांनी होती तशी घडी घातली.
"नको गं. तुझा सेल त्यानंच धरून ठेवलाय.
चाललंय त्याला हात लावू नये."

मग दात घासायचा जुना ब्रश, स्पिरिट,
एका डोळ्याला भिंग.
"हे बघ. अख्खी किल्ली मेलेली नाय.
बटणानं एक पाय उचललाय, खेकड्यागत. बस."
तो पायही कुजलेला निघाला तेव्हा त्यांनी
डब्यातून एक बंद पडलेला सेटटॉप बॉक्स काढला
आणि त्याच्या तोंडावरचं एक बटण उपटलं,
आवाज वाढवायचं.

हात थरथरतात त्यांचे. चहाची बशीही वाजते.
पण तापलेलं टोक राळेला लागलं
आणि हात थांबले,
नांगर टाकल्यावर होडी थांबते तसे.
पूर्ण नाही. पुरेसे.
दुकानात राळेचा धूर,
होड्यांच्या फटी भरताना यायचा तोच वास.

"साठ झाले. सुटे नसतील तर पन्नास."
सुटे होते.

बाजाराच्या तोंडाशी उभं राहून मी बटण दाबलं.
जरा कडक लागलं, परक्या घरचं.
लांब, धक्क्याच्या उतारावर,
दोन पिवळे दिवे लागले, विझले.
कावळे बसलेलेच राहिले.

"आज गाडीला बरं नाय काय?"
दत्तू भुवडनं तिकीट फाडता फाडता विचारलं.
"बरं आहे," म्हटलं.

बोट सुटली. खाडीच्या मधोमध लक्षात आलं,
तिकीट अजून हातातच आहे
आणि मी त्याच्या घड्या घालत बसले आहे.
फेकलं नाही.
चष्म्याची डावी दांडी
कधीची सैल झाली आहे.